छतातील तुषार आणि कागदी दाखले

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हा केळी, हळद आणि उसाच्या पट्ट्यातील गाव. येथील शेतकऱ्याला तुषार संच म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. रब्बीत हरभऱ्याला किंवा उन्हाळ्यात भुईमुगाला त्या संचाने पाणी देताना एखादे नोझल कचऱ्याने तुंबले, तर बांधावरून नजर टाकताच कोरडा राहिलेला गोल त्याला दिसतो. तो नोझल काढतो, तारेने साफ करतो, गाळणी धुतो आणि पुन्हा मोटार चालू करतो. या कामाची त्याला आठवण राहावी म्हणून कोणाला कायदा करावा लागलेला नाही, की निरीक्षकही नेमावा लागलेला नाही. पिकाचे सुकणे हाच त्याचा निरीक्षक असतो.

मोठ्या शहरांतील मॉल, कार्यालये, गोदामे आणि रुग्णालये यांच्या छतातही याच जातीचे नळ फिरवलेले असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर तोट्या बसवलेल्या असतात. आग लागताच आपोआप पाणी फवारणारी ही स्प्रिंकलर यंत्रणा होय. शेतातील तुषार आणि छतातील तुषार यांत तत्त्वाचा फरक फारसा नाही. फरक आहे तो दोष दिसण्याच्या वेळेचा. शेतातला दोष दुसऱ्या दिवशी दिसतो. छतातला दोष वर्षानुवर्षे दिसतच नाही, आणि दिसतो तो नेमका अशा घटकेला, की तेव्हा दिसून काही उपयोग नसतो. जी वस्तू कधी वापरावी लागू नये अशी सर्वांची इच्छा असते, तिची निगा कोणी, का आणि कोणाच्या धाकाने राखावी, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा नाही. डोंगरकड्यासारख्या बाजाराच्या गावांचे रूप गेल्या दोन पिढ्यांत पालटत आले आहे. पत्र्याच्या दुकानांच्या जागी सिमेंटच्या दुमजली-तिमजली इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. अशा इमारतीत खाली कृषी सेवा केंद्र, कापडाचे किंवा मोबाइलचे दुकान असते. वर पतसंस्था, शिकवणी वर्ग वा खाजगी दवाखाना असतो आणि या सर्वांसाठी जिना बहुधा एकच असतो. शिवाय या गावांतील मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई येथे जातात आणि त्यांचा दिवसच्या दिवस अशाच इमारतींत जातो. त्यांच्या डोक्यावरच्या नळात पाणी आहे की नाही, याची चिंता गावातल्या आईबापांनाही असली पाहिजे.

यंत्रणा साधी, निगा अवघड

ही यंत्रणा मुळात अत्यंत साधी आहे. १८७४ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथील हेन्री पार्मली या पियानो-कारखानदाराने आपल्या कारखान्याच्या रक्षणासाठी स्वयंचलित तोटीचे एकस्व घेतले. पुढे फ्रेडरिक ग्रिनेल याने तिच्यात सुधारणा केल्या. आजही तिचे काम त्याच रीतीने चालते. तोटीचे तोंड काचेच्या एका बारीक नळीने बंद केलेले असते आणि त्या नळीत द्रव भरलेला असतो. खोलीतील उष्णता वाढली की द्रव प्रसरण पावतो, नळी फुटते आणि मागे दाबाखाली थांबलेले पाणी बाहेर पडते. द्रवाचा रंग तांबडा असेल तर ही नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते. केशरी असेल तर ५७ अंशांना, पिवळा असेल तर ७९ अंशांना आणि हिरवा असेल तर ९३ अंशांना.

चित्रपटांनी या यंत्रणेविषयी एक गैरसमज रूढ केला आहे. एका ठिकाणी धूर झाला की सगळ्या इमारतीत पावसासारखे पाणी कोसळते, असे पडद्यावर दिसते आणि अनेक व्यापारी तेच खरे मानून मालाच्या काळजीने या तोट्यांकडे संशयाने पाहतात. वस्तुतः प्रत्येक तोटी आपापल्या उष्णतेनेच उघडते. जेथे आग असते, तेथलीच तोटी फुटते; शेजारची जशीच्या तशी राहते. मध्यम धोक्याच्या जागेत एका तोटीच्या वाट्याला साधारण १२ चौरस मीटर क्षेत्र दिलेले असते. बहुतेक आगी एक-दोन तोट्यांतच आटोक्यात येतात, कारण पाणी पडते ते आग लहान असताना. बंब येईपर्यंत जी आग दालन गिळते, ती आग ही तोटी एका टेबलापुरती रोखू शकते.

परंतु ही साधी तोटी एका लांबलचक साखळीचे शेवटचे टोक आहे. तिच्यामागे नळ आहे, नळामागे व्हॉल्व्ह आहे, व्हॉल्व्हमागे पंप आहे, पंपामागे वीज वा डिझेल आहे आणि सर्वांच्या मागे टाकीतील पाणी आहे. यातील एकही दुवा तुटला तरी तोटी शोभेची ठरते. ते दुवे कसे तुटतात हे पाहिले म्हणजे मानवी स्वभावाचे दर्शन घडते. रंगारी छत रंगवताना तोट्यांवरही कुंचला फिरवतो. रंगाचा थर बसला की उष्णता पोहोचण्यास उशीर होतो आणि अशी तोटी खरवडून चालत नाही, ती बदलावीच लागते. दुकानाची सजावट करताना खाली नवे खोटे छत येते आणि तोट्या त्याच्यावर झाकल्या जातात. गोदामात माल छतापर्यंत रचला जातो. तोटीखाली सुमारे अर्धा मीटर मोकळी जागा नसेल तर फवारा पसरतच नाही. नळांचा उपयोग तारा बांधण्यासाठी वा सजावटीच्या माळा अडकवण्यासाठी होतो.

पाण्याची कथा मराठवाड्याला सांगायला नको. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे आगीसाठी राखून ठेवलेली भरली टाकी म्हणजे मोठा मोह. प्रसाधनगृहांना पाणी नाही, मग त्या टाकीतून चार दिवस घेऊ, नंतर भरू, असा विचार होतो आणि ते नंतर येतच नाही. विजेचेही तसेच. वीज गेली तर डिझेलवरचा पंप चालू व्हावा अशी योजना असते. पण त्याची बॅटरी उतरली असेल तर तो पंप म्हणजे लोखंडाचा ढिगारा. मोटारीचा स्टार्टर बिघडला की रात्री विहिरीवर धावणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. समजावून सांगण्याची गरज आहे ती इमारतीच्या मालकाला, कारण त्याचे पीक वाळत नाही.

दोन आगी, एक धडा

या बाबतीत परदेशातील दोन आगींची हकिकत उद्बोधक आहे. ४ मे १९८८ रोजी लॉस एंजलिस येथील फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली. त्या इमारतीत स्प्रिंकलर बसवण्याचे काम चालू होते आणि ते जवळजवळ पूर्णही झाले होते; परंतु इशारा-यंत्रणेची जोडणी व्हायची म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवलेले होते. डोक्यावर नळ होते, तोट्या होत्या, पाणी मात्र नव्हते. पाच मजले जळाले आणि एक कर्मचारी मरण पावला. दुसरी आग २३ फेब्रुवारी १९९१ ची, फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीतील. ती बाविसाव्या मजल्यावर लागली आणि एकामागून एक मजला घेत वर चढत गेली. अग्निशामक दलाच्या तीन जवानांनी तीत प्राण गमावले. अठरा तासांहून अधिक काळ चाललेली ही आग अखेर थांबली ती तिसाव्या मजल्यावर. कारण त्या मजल्यावर स्प्रिंकलर होते आणि ते चालू होते. शेकडो जवानांना जे साधले नाही, ते दहा तोट्यांनी साधले.

एका आगीत बसवलेली पण बंद असलेली यंत्रणा होती; दुसरीत एकाच मजल्यावरची, पण जिवंत असलेली. दोहोंमधील अंतर पैशाचे नव्हते. व्हॉल्व्ह उघडा असण्या-नसण्याचे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने वर्षानुवर्षांच्या आगींची छाननी करून जो निष्कर्ष काढला आहे तो याला दुजोराच देतो. पुरेशा मोठ्या आगीत स्प्रिंकलर बहुतांश वेळा आपले काम चोख बजावतात. आणि ज्या थोड्या प्रसंगी ते मुळीच चालत नाहीत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रसंगी कारण एकच असते, ते म्हणजे कोणीतरी यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली असते. यंत्र फसत नाही, माणूस फसवतो; आणि तोही बहुधा दुष्टपणाने नव्हे, तर दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह पुन्हा उघडायला विसरून.

महाराष्ट्राचा जमाखर्च

महाराष्ट्राला आगीची ओळख नवी नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर झालेल्या स्फोटांत अग्निशामक दलाच्या अनेक जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांना तर आगीचे भय रोजचेच होते. कापसाचा धुरळा आणि यंत्रांचे घर्षण यांची सांगड घातक असते, हे ओळखून गिरण्यांच्या मनोऱ्यांवर पाण्याच्या टाक्या बांधल्या गेल्या आणि आवारात तलाव राखले गेले. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उपाहारगृहे, कार्यालये आणि मॉल आले. पण पाण्याविषयीची ती जागरूकता वारशात आली नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. एका जुन्या गिरणीच्याच आवारात हे घडावे, यातील विसंगती मन विषण्ण करणारी आहे.

२२ ऑक्टोबर २०२० च्या रात्री नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. ती विझवण्यास सुमारे ५६ तास लागले आणि शेजारच्या उंच इमारतीतील हजारो रहिवाशांना मध्यरात्री घर सोडावे लागले. त्यानंतर मुंबईतील मॉलांची तपासणी झाली आणि त्रुटी आढळलेल्यांना नोटिसा गेल्या. ज्यांना नोटीस गेली त्यांत भांडुपचा ड्रीम्स मॉल होता. नोटिशीनंतर महिने उलटले आणि २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास त्या मॉलला आग लागली. मॉलच्या वरच्या मजल्यावर कोरोना-रुग्णांचे रुग्णालय होते. दहाहून अधिक रुग्णांना प्राण गमवावे लागले. तपासणी झाली नव्हती असे येथे म्हणता येत नाही. तपासणी झाली होती. तिच्यातून कृती जन्मली नाही.

त्याच वर्षाच्या आरंभी, ९ जानेवारी २०२१ रोजी, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली होती. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या परीक्षणाचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, आणि नोव्हेंबरात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात पुन्हा आगी लागल्या आणि पुन्हा रुग्ण दगावले. एका वर्षात चार रुग्णालयांत तोच प्रकार घडावा आणि त्यांपैकी दोन शासनाचीच असावीत, ही केवळ दैवगती म्हणता येणार नाही. त्याआधी २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालय जळाले आणि पाच जणांचा बळी गेला. ज्या वास्तूत राज्याचे अग्निसुरक्षेचे नियम तयार होतात, तीच वास्तू आगीपुढे हतबल ठरली.

कायदा आहे, पण साक्षीदार नाही

कायद्याची वाण येथे मुळीच नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ साली संमत झाला आणि डिसेंबर २००८ पासून अंमलात आला. त्याचे मूलसूत्र स्पष्ट आहे. इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकाची वा भोगवटादाराची आहे. बसवलेली यंत्रणा सुस्थितीत आहे, असा परवानाधारक एजन्सीचा दाखला त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर केला पाहिजे. कसूर करणाऱ्यास नोटीस देण्याचे, त्याचे वीज-पाणी तोडण्याचे, जागा रिकामी करवून घेण्याचे अधिकार कायद्याने दिले आहेत. कैदेची आणि दंडाची तरतूदही आहे. कागदावर यापेक्षा अधिक काही मागता येईल असे वाटत नाही.

दोष आहे तो या रचनेच्या एका सांध्यात. दाखला देणाऱ्या एजन्सीचे पैसे देतो तो मालक. ज्याची परीक्षा घ्यायची, त्यानेच परीक्षकाची निवड करायची आणि त्याचे मानधनही चुकते करायचे, अशी ही व्यवस्था आहे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना या व्यवस्थेतला धोका एका क्षणात कळेल. विद्यार्थ्याने आपला परीक्षक आपण निवडावा आणि नापास केल्यास पुढील वर्षी दुसरा निवडावा, असा नियम झाला तर निकाल शंभर टक्के लागेल. विद्या मात्र शून्य राहील. सर्वच एजन्सी अप्रामाणिक असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक तंत्रज्ञ निष्ठेने काम करतात. परंतु जो तंत्रज्ञ पंप चालवून पाहण्याचा, टोकाच्या चाचणी-तोटीतून पाणी सोडून दाब मोजण्याचा, रंगलेल्या तोट्या बदलण्याचा आग्रह धरतो, तो महाग आणि त्रासदायक ठरतो. जो केवळ कागदावर शिक्का मारतो, तो स्वस्त आणि सोयीचा ठरतो. बाजारात खोटे नाणे खऱ्याला हाकलून लावते, तसेच येथे घडते.

मग हा दाखला कार्यालयात येतो. आवक क्रमांक पडतो, फाइलीत बसतो. ज्या कारकुनाच्या टेबलावरून तो जातो, त्याला त्यावर प्रश्न विचारण्याचा अधिकार नसतो आणि ज्याला अधिकार असतो त्याला वेळ नसतो. अशा रीतीने सुरक्षिततेचा प्रवास पंपघरातून सुरू होऊन फाइलीत संपतो. या साखळीत मालक आहे, एजन्सी आहे, अधिकारी आहे. नाही तो फक्त ज्याच्या जिवासाठी ही सारी उठाठेव आहे तो माणूस. दुकानातील गुमास्ता, बँकेतील लिपिक, शिकवणीतला विद्यार्थी, खाटेवरचा रुग्ण यांपैकी कोणीही त्या दाखल्याचा साक्षीदार नसतो.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते अगदीच निराधार नाहीत. पहिला आक्षेप खर्चाचा. लहान व्यापाऱ्याला हा भार पेलत नाही, असे म्हटले जाते. राष्ट्रीय इमारत संहिता इमारतीची उंची, क्षेत्रफळ आणि वापर पाहून स्प्रिंकलर कोठे हवेत ते ठरवते. त्यामुळे डोंगरकड्याच्या प्रत्येक दुकानाच्या छतात नळ फिरवावेत, अशी मागणी कोणी करत नाही. पण जेथे यंत्रणा बसवली आहे, तेथे तिच्या उभारणीचा मोठा खर्च आधीच झालेला असतो. तिची निगा हा त्या मानाने अल्प खर्च आहे आणि तो वाचवणे म्हणजे बैल विकत घेऊन वैरणीवर काटकसर करणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निरीक्षक वाढवले की हप्ते वाढतात, सुरक्षितता वाढत नाही, असा लोकांचा अनुभव सांगतो. या अनुभवाला केवळ नैतिक उपदेशाने उत्तर देता येणार नाही. म्हणूनच उपाय निरीक्षकांची संख्या वाढवण्यात शोधण्यापेक्षा तपासणी उघड्यावर आणण्यात शोधला पाहिजे. बंद दाराआड झालेली तपासणी विकत घेता येते. पन्नास लोकांदेखत झालेली सहसा घेता येत नाही.

तिसरा आक्षेप ग्रामीण भागाचा. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. ग्रामपंचायतीजवळ बंब कोठून असणार? हे खरेच आहे. आग लागली की गावाने तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या बंबाची वाट पाहायची, आणि तोवर जे व्हायचे ते होऊन जाते. परंतु यातून निष्कर्ष निघतो तो नेमका उलटा. जेथे बंब लांब आहे, तेथेच इमारतीच्या आतली व्यवस्था अधिक भरवशाची हवी. शहरातील चुकीला दहा मिनिटांत मदत मिळू शकते. गावातील चुकीला ती मिळत नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट, प्रत्येक सहामाही चाचणी इमारतीत काम करणाऱ्यांच्या देखत व्हावी. टोकाची चाचणी-तोटी उघडावी, पाणी पडताना सर्वांनी पाहावे, इशाऱ्याची घंटा सर्वांनी ऐकावी आणि नंतर मुख्य व्हॉल्व्ह पुन्हा उघडा करून कुलूपबंद केल्याचेही पाहावे. दुसरी गोष्ट, प्रवेशद्वाराशी एक फलक असावा आणि त्यावर शेवटच्या चाचणीची तारीख, एजन्सीचे नाव व परवाना क्रमांक आणि पुढील चाचणीचा महिना मराठीत लिहिलेला असावा. औषधाच्या बाटलीवरील मुदत पाहूनच ती घेणारा ग्राहक हा फलकही वाचू लागेल. तिसरी गोष्ट, सादर झालेल्या दाखल्यांपैकी काही दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि त्यांची फेरतपासणी मूळ एजन्सीचा संबंध नसलेल्या तंत्रज्ञांकडून शासनाने आपल्या खर्चाने करवून घ्यावी. दाखला खोटा आढळल्यास एजन्सीचा परवाना जावा. आपला दाखला केव्हाही उघडा पडू शकतो, एवढी शक्यता शिक्क्याचा हात आखडण्यास पुरेशी आहे.

चौथी गोष्ट, आरंभ शासकीय इमारतींपासून व्हावा. जिल्हा रुग्णालय, तहसील, जिल्हा परिषद आणि शासकीय वसतिगृहे यांच्या दारावर तो फलक आधी लागला पाहिजे. भंडाऱ्यानंतर शासनाला खाजगी मालकाला उपदेश करण्याचा नैतिक अधिकार मिळवायचा असेल, तर त्याचा मार्ग आपल्याच घरातून जातो.

आणि गावांपुरते बोलायचे तर स्प्रिंकलरच्याही आधीच्या काही गोष्टी आहेत. शिकवणी वर्गाला दुसरा जिना आहे काय, गच्चीच्या दाराला कुलूप आहे काय, जिन्याखाली मीटरच्या शेजारी पुठ्ठ्यांचा ढीग आहे काय, भिंतीवरचे अग्निशामक नळकांडे शेवटचे केव्हा तपासले, हे प्रश्न कोणीही विचारू शकतो. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला संकुलात वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी गेले. जीव वाचवण्यासाठी त्यांतील कित्येकांना खिडकीतून उड्या घ्याव्या लागल्या. ती मुले नियम मोडून तेथे गेली नव्हती. ती अभ्यासाला गेली होती. आपल्या पाल्याला अशा वर्गात धाडणाऱ्या पालकाने फी विचारताना जिन्याविषयीही विचारावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

शिक्षकांना यात विशेष स्थान आहे. जानेवारी आणि जुलै हे कायद्याने सांगितलेले महिने शाळेच्या दोन्ही सत्रांत येतात. त्या महिन्यांत विद्यार्थ्यांना घेऊन गावातील एका मोठ्या इमारतीची, बँकेची वा दवाखान्याची अग्निसुरक्षा पाहून यावी. मालकाने ती दाखवण्यात कमीपणा मानू नये. विज्ञानाच्या पुस्तकातील उष्णतेचे प्रसरण त्या तांबड्या काचनळीत मुलांना प्रत्यक्ष दिसेल आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील कर्तव्य दाराच्या फलकावर वाचता येईल. कारकुनांच्या हातीही काही आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांच्या अर्जावर कोणाही नागरिकाला आपण रोज ज्या इमारतीत बसतो तिचा शेवटचा दाखला मागता येतो. ज्या कार्यालयात असे दहा अर्ज येतील, तेथील फाइलींना आपोआप जाग येईल.

नवी यंत्रणा बसवताना समारंभ होतो, फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात. पंपघरात शिरून दर आठवड्याला पंप चालवून पाहणाऱ्या माणसाचे छायाचित्र कोणी छापत नाही. उभारणीला प्रतिष्ठा आणि निगेला अवहेलना ही या समाजाची जुनी खोड आहे. धरणे, रस्ते, शाळा, रुग्णालये सर्वत्र तिची किंमत मोजावी लागली आहे. परंतु इतर ठिकाणी ती किंमत बहुधा पैशात असते. येथे ती दहा अर्भकांच्या आणि बावीस विद्यार्थ्यांच्या रूपाने द्यावी लागली आहे. पंपघराची चावी ज्याच्या खिशात असते, तो पहारेकरी वा वायरमन बहुधा इमारतीतला सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो. त्याला पंप चालवून पाहण्यास वेळ देणे, त्याने नोंदवलेला दोष ऐकून घेणे आणि त्याच्या नोंदवहीवर मालकाने दर महिन्याला स्वतः सही करणे, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.